खांब, खंभो, स्तंभ : पवनीच्या पहिलीच्या वर्गात किती मराठी असाव्यात?

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी वसले आहे. प्राचीन तटबंदीचे अवशेष, खंदक, नदीवरचे घाट आणि इतकी देवळे की या गावाला 'विदर्भाची काशी' म्हणण्याचा प्रघात पडला. इतिहासप्रेमींना पवनी ठाऊक असते ती मुख्यतः तिथल्या बौद्ध स्तूपांमुळे. हा धागा मात्र स्तूपाच्या स्थापत्याविषयी नाही. स्तूपाच्या दगडावर जी भाषा कोरली गेली ती, आणि त्याच गावात आज सहा वर्षांचे मूल जी भाषा बोलत शाळेच्या पायरीवर येते ती, अशा दोन भाषांच्या वाट्याला येणाऱ्या मानापमानाविषयी आहे.

आधी दगडाकडे.

१९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनीला उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. जगन्नाथ टेकडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यात एक मोठा स्तूप दडलेला होता. त्याच्या कठड्याच्या दगडी अवशेषांवर ब्राह्मी लिपीत दानकर्त्यांची नावे कोरलेली आढळली. काळ साधारणपणे इसवीसनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांचा. भाषा प्राकृत.

त्यांतल्या एका लेखात विसमिता नावाची स्त्री भेटते. तिच्या दानाचा लेख अवघ्या एका ओळीचा आहे : 'विसमिताय दान सुखाय होतु सवसतानं'. विसमितेचे दान, सर्व सत्त्वांच्या सुखासाठी होवो. दोन हजार वर्षांनंतरही मराठी वाचकाला या ओळीतले 'दान' आणि 'सुखाय' सांगावे लागत नाही, आणि 'होतु'मधला 'हो' तर आजही रोजच्या तोंडात आहे.

आता हीच ओळ एखाद्या कडक शिस्तीच्या वर्गात फळ्यावर लिहिली, असे समजा. 'सर्व'मधला र कुठे गेला? 'सत्त्व'मधले जोडाक्षर कोणी खाल्ले? तांबड्या शाईने किमान दोन ठिकाणी वर्तुळे पडतील. विसमितेने दगडावर कोरून घेतलेले वाक्य शुद्धलेखनाच्या तासाला नापास होईल.

दुसरा दगड याहून बोलका आहे. पवनीलाच एक स्तंभलेख सापडला. 'महाक्षत्रपकुमार' रुपिअम्म याच्या स्मरणार्थ तो उभारलेला आहे. नाव परके, बहुधा शकांपैकी कोणाचे. काळ इसवीसनाच्या आरंभीच्या शतकांचा. अशा स्मृतिस्तंभाला संस्कृतात छायास्तंभ म्हटले असते. पवनीच्या दगडावर शब्द आहे 'छायाखंभो'.

खंभो. म्हणजे खांब.

पवनीतल्या कोणत्याही घरातले मूल ओसरीच्या लाकडी आधाराला खांबच म्हणते. वैदिक संस्कृतातला 'स्कंभ', प्राकृतातला 'खंभ' आणि मराठीतला 'खांब' ही एकाच घराण्याची वंशावळ आहे. 'स्तंभ' हा शब्द मराठीत पोथीच्या वाटेने आला आणि समारंभाच्या जागी बसला. त्याचा मान त्याला जरूर असावा. पण मुलाने 'अशोकाचा खांब' म्हटल्यावर हसणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की ज्या शब्दाला ते गावंढळ समजतात तो याच गावात, राजकुमाराच्या स्मारकावर, अठराशे वर्षांच्या आसपास मानाने उभा आहे.

इथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. बोलीच्या प्रेमात पडलेले लोक लगेच म्हणू लागतात, की पाहा, आमची बोली हीच खरी प्राकृत, पुस्तकी मराठी मागाहून आलेली. तसे नाही. पवनीच्या दानलेखांची प्राकृत भारहुतच्या आणि सांचीच्या दानलेखांशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. इतक्या दूरच्या गावांतली माणसे घरी तंतोतंत एकसारखे बोलत असणे शक्य नाही. याचा सरळ अर्थ असा, की दगडावरची प्राकृत हीसुद्धा त्या काळची एक सार्वजनिक भाषा होती. लेखक आणि पाथरवट तिच्यात लिहीत आणि कोरीत. विसमिता चुलीपाशी काय बोलत होती, याचा दगडाला पत्ता नाही.

म्हणजे घरचे बोलणे आणि चारचौघांतले बोलणे यांत फरक असणे ही पवनीसाठी दोन हजार वर्षांची जुनी गोष्ट आहे. प्रमाणभाषा असणे हा अपराध नव्हे. वादाचा मुद्दा पुढे आहे : हा फरक माणसाला कोणत्या रीतीने शिकवला जातो?

इतिहासात याच्या दोन रीती स्पष्ट दिसतात. दोन्ही रीतींची उदाहरणे विदर्भाच्या परिचयाची आहेत.

पहिली रीत प्रवरसेनाची. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन पाचव्या शतकात विदर्भावर राज्य करीत होता. त्याचे ताम्रपट, म्हणजे जमिनीच्या दानाचे सरकारी कागद, संस्कृतात आहेत. त्याचा एक ताम्रपट खुद्द पवनीलाही मिळाला आहे. याच राजाच्या नावावर 'सेतुबंध' हे महाकाव्य आहे आणि ते महाराष्ट्री प्राकृतात आहे. कागदाला एक भाषा, काव्याला दुसरी. राजा तोच. संस्कृतात आज्ञा काढली म्हणून प्राकृत त्याला हलकी वाटली नाही आणि प्राकृतात काव्य केले म्हणून त्याचे राजेपण उणावले नाही. प्रसंग बदलला की भाषा बदलत होती.

दुसरी रीत संस्कृत नाटकांची. नाट्यशास्त्राने पात्रागणिक भाषा वाटून दिली. राजा आणि विद्वान संस्कृत बोलतील. नायिका आणि तिच्या सख्या शौरसेनी बोलतील. खालच्या पायरीवरची पात्रे मागधी बोलतील. कालिदासाच्या 'शाकुंतला'त ज्या कोळ्याला माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडते, तो मागधी बोलतो, आणि मागधीत र-च्या जागी ल येतो. प्रेक्षकाने त्या ल-वरूनच ओळखायचे, की हा माणूस कोणत्या थरातला. इथे भाषा प्रसंगाला चिकटलेली नसून माणसाच्या दर्जाला चिकटलेली आहे.

(वैनगंगेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या मुलाने हा प्रवेश वाचला, तर त्याला त्या कोळ्याविषयी काय वाटेल, हा प्रश्न संस्कृत नाटकाच्या अभ्यासक्रमात कोठेही विचारला जात नाही.)

शाळेने प्रवरसेनाची रीत उचलायला हवी होती. तिने नाटकाची रीत उचलली.

हे कसे घडले, याची उत्तरे तारखांत सापडतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली मुंबईत निघाला. दुसरी आवृत्ती १८५७ची. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे. छापखाना, शालेय पुस्तके, सरकारी भाषांतरे यांसाठी एक ठरीव मराठी हवी होती, आणि ती पुण्याच्या शिष्ट, मुख्यत्वे ब्राह्मणी, बोलण्याच्या पायावर उभी राहिली. मुंबई इलाख्याच्या सोयीने घेतलेला तो निर्णय होता. त्या काळाच्या दृष्टीने त्यात नवल काही नाही.

नवल पुढे आहे. हा निर्णय झाला तेव्हा पवनी मुंबई इलाख्यात नव्हतीच. ती नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होती. ते राज्य १८५४ साली खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि भंडारा त्यात गेला. मुंबई आणि भंडारा एका राज्यात आले ते थेट १९५६ साली, द्विभाषिक मुंबई राज्य झाले तेव्हा. महाराष्ट्र १९६० साली झाला. 'बालभारती' १९६७ साली पुण्यात स्थापन झाली आणि राज्यातल्या सगळ्या मुलांच्या हाती एकसारखे पुस्तक पडू लागले. ज्या 'शुद्ध' मराठीला पवनीचे मूल चुकते, ती घडताना पवनीला कोणी विचारले नव्हते. विचारण्याचा राजकीय मार्गच नव्हता.

पवनीच्या परिसराला जुन्या काळापासून झाडी म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या या प्रदेशातली बोली ती झाडीबोली. साकोलीकडच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आणि साहित्यासाठी आयुष्य वेचले; १९९०च्या दशकापासून झाडीबोलीची स्वतंत्र साहित्य संमेलने भरतात. त्याआधी ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट वेगवेगळ्या बोलींत उतरवून घेतली होती. परक्या सरकारने बोलींचे नमुने जमा केले खरे, पण ते कपाटात गेले. वर्गात ते कधी आले नाहीत.

झाडीबोलीचे उच्चार नियमाने चालतात. ळ-च्या जागी र येतो : डोळा तो डोरा, फळ ते फर, काळा तो कारा. ण-च्या जागी न येतो : पानी, लोनी, कोन. श आणि ष यांच्या जागी स येतो. मूल हे वाटेल तसे करीत नाही. एखाद्या मुलाने 'फर' म्हटले आणि 'डोळा' मात्र नीट म्हटला, असे सहसा घडत नाही. नियम लागला की सगळीकडे लागतो. चूक अशी नियमाने होत नसते.

आणि ळ नसणे ही काही अनर्थाची गोष्ट नव्हे. अभिजात संस्कृतात ळ नाही. वेदांत होता, पुढे गेला. प्रमाण हिंदीतही नाही. त्या दोन्ही भाषांना कोणी अशुद्ध म्हणत नाही. श-ष-स यांचे एकट्या स-वर येणे तर महाराष्ट्री प्राकृताचा नियमच आहे. पवनीचे मूल आणि महाराष्ट्री प्राकृताचा व्याकरणकार या एका बाबतीत एकाच बाजूला बसलेले आहेत. फक्त एकाला अभिजात म्हणून हार घातला जातो आणि दुसऱ्याला बाकावर उभे केले जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी तो प्राकृत आणि पाली यांनाही मिळाला.

उच्चारांहून मोठा प्रश्न शब्दांचा आहे, आणि तिकडे लक्ष कमी जाते. पूर्व विदर्भ हा भातशेतीचा मुलूख. पण 'भातशेती' हा शब्द इथल्या घरात ऐकू येत नाही. शेतात उभे असते ते धान, सडून निघतो तो तांदूळ, आणि भात फक्त ताटात असतो. ज्याला इतरत्र भाताची लावणी म्हणतात ती इथे रोवणी. रोपांना पऱ्हे म्हणतात. बांध घातलेला पाणथळ तुकडा म्हणजे बांधी, आणि लहान तळे म्हणजे बोडी. सहा वर्षांच्या मुलाला हे सारे शब्द येतात, आणि त्यांच्यामागची शेतीही त्याने पाहिलेली असते. 'शेतकरी भाताची लावणी करतो' हे वाक्य त्याच्यासमोर आले, की त्याच्या डोळ्यांपुढे शिजलेला भात चिखलात रोवणारा माणूस उभा राहण्याचा संभव आहे. पुस्तकाने त्याला नवे काही शिकवले नाही. जे त्याला येत होते ते त्याच्यापासून लपवले.

पहिलीत वाचन म्हणजे आवाज आणि खूण यांची सांगड घालणे. फळाचे चित्र पाहून मूल मनात 'फर' म्हणते. खाली ळ लिहिलेला असतो. त्याने ऐकलेला आवाज आणि पाहिलेली खूण जुळत नाहीत. शिक्षकाने 'तू घरी फर म्हणतोस, पुस्तक फळ म्हणते, दोन्ही एकच' एवढे सांगितले तर सांगड बसते. 'फर नाही, फळ म्हण, नीट बोल' असे सांगितले, की मुलापुढे दोनच वाटा उरतात : आईचे बोलणे चुकीचे मानणे, किंवा गप्प बसणे. पुष्कळ मुले दुसरी वाट धरतात. मग शेरा पडतो, की मूल मंद आहे, बोलत नाही.

तेच मूल सुटीत बोडीकाठी मासा कसा निसटला हे हातवारे करून पाच मिनिटे सांगत असते.

यावर येणारा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पालक विचारतात, बोलीत शिकून पोराला नोकरी कोण देणार? स्पर्धा परीक्षेची प्रश्नपत्रिका झाडीबोलीत येत नाही. हा प्रश्न पोटातून आलेला आहे. शिवाय विदर्भात त्याला आणखी एक बाजू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले, ते प्रमाण मराठीत. ज्या भाषेचे दार शतकानुशतके बंद होते, तीच भाषा हाती घेऊन त्यांनी तिच्या मालकांना जाब विचारला. पवनीच्या आसपास आज जी मोठी बौद्ध वस्ती आहे, तिच्या घराघरांत या गोष्टीचा अभिमान आहे. त्या घरातल्या बापाला कोणी सुखवस्तू बोलीप्रेमी येऊन सांगू लागला, की तुमच्या मुलाने बोलीतच राहावे, तर त्याने त्याला दारातूनच परत पाठवावे हे बरे.

म्हणूनच मागणी 'झाडीबोली माध्यमा'ची नाही, आणि नसावी. त्याचे दुसरेही कारण आहे. झाडीबोली ही एकसंध नाही. कोष्ट्यांच्या मागावरचे बोलणे, ढिवरांचे बोलणे, कोहळ्यांचे बोलणे यांत छटा आहेत. गोंदियाकडे पोवारी आहे, दक्षिणेकडे गोंडी आहे, जी द्राविड कुळातली वेगळीच भाषा आहे. उद्या एका समितीने 'प्रमाण झाडीबोली'चे पाठ्यपुस्तक केले, तर त्यातही कोणाची तरी बोली शुद्ध ठरेल आणि ढिवराचे मूल पुन्हा चुकू लागेल. पुण्याची चूक साकोलीत करून काय साधणार?

मागणी याहून लहान आहे, आणि अधिक अवघडही : पहिलीच्या मुलाला बोलण्याचे प्रकार असतात हे शिकवावे. तेही आरंभीच, अक्षरांच्या सोबत.

हे मुलांना अवघड जात नाही. त्यांना ते अर्धेअधिक येतच असते. पाहुणा आला की आवाज बदलतो, हे चार वर्षांच्या मुलीला कळते. बाहुलीला रागावताना ती आईसारखी बोलते, दुकान-दुकान खेळताना वाण्यासारखी. आजीची कहाणी, बाजारातली घासाघीस, देवळातली आरती, विहारातली वंदना, मोबाइलवरचा हिंदी कार्यक्रम : पवनीतल्या मुलाच्या कानावर एका दिवसात चार-पाच तऱ्हांची भाषा पडते. विहारातले मूल तर पाली गाथा पाठ म्हणते. तिचा अर्थ विसमितेला बहुधा आजच्या कोणाहूनही लवकर कळला असता. या साऱ्या कमाईला नाव द्यायचे, एवढेच काम शाळेपुढे आहे.

झाडीपट्टीकडे यासाठी तयार साधनही आहे. दंडार, खडीगंमत आणि वडसा ज्याचे केंद्र मानले जाते ती झाडीपट्टी रंगभूमी. रात्ररात्र चालणाऱ्या या प्रयोगांत नट क्षणात प्रमाण मराठीतून बोलीत उतरतो आणि परत वर चढतो. मुले मांडीवर पेंगत हे पाहतात. मात्र यातही नाटकाची जुनी खोड डोकावते : गंभीर पात्र बहुधा पुस्तकी बोलते, आणि हशा पिकवायचा असला की बोली येते. कोळ्याच्या मागधीचा वारसा इतका चिवट आहे, की बोलीवर प्रेम करणाऱ्यांच्या रंगमंचावरूनही तो गेलेला नाही. वर्गात या पात्रांची अदलाबदल करून पाहावी. राजाला झाडीबोली द्यावी आणि विदूषकाला प्रमाण मराठी. मुले हसतील; कशाला हसली हे त्यांनाच विचारावे. सात वर्षांच्या मुलाशीही यावर चांगले बोलणे होऊ शकते.

मराठीत या विचाराला पूर्वज नाहीत असे नाही. महानुभाव पंथाच्या 'स्मृतिस्थळा'त प्रसंग आहे. विद्वान शिष्य संस्कृतात प्रश्न विचारतात, आणि नागदेवाचार्य त्यांना सांगतात, की ती भाषा आपल्याला समजत नाही. श्रीचक्रधरांनी जे सांगितले ते मराठीत, तेव्हा त्याच भाषेत विचारावे. केशिराजबासांना संस्कृतात लिहायचे होते, तेव्हा आचार्यांची चिंता होती पंथातल्या म्हाताऱ्या बायांची. ग्रंथ त्यांच्या हातून जाईल. नागदेवाचार्यांना संस्कृताचा द्वेष नव्हता. भोवती पंडित शिष्य होतेच. त्यांनी फक्त ऐकणाऱ्याचा विचार आधी केला. चक्रधरांच्या शिष्यांत भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकरही होते, म्हणजे हा जिल्हा त्या परंपरेला परका नाही.

विसाव्या शतकात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाण्याकडच्या बोर्डीला १९४५ साली आणि पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी काम सुरू केले. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळा त्याच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आज देशभर पसरलेल्या 'अंगणवाडी'मागची मूळ कल्पना हीच. पण अंगण घेताना अंगणातली भाषा मागे राहिली.

जगात अन्यत्र हा प्रश्न कायद्यापर्यंत गेला आहे. नॉर्वेच्या संसदेने १८७८ सालीच ठराव केला, की मुलांना शक्यतो त्यांच्या स्वतःच्या बोलण्यातल्या भाषेतून शिकवावे. तिथली मुले आजही वर्गात आपापल्या बोलीत उत्तर देतात आणि लिहायला प्रमाणभाषा शिकतात. अमेरिकेत ॲन आर्बर शहरातल्या काही कृष्णवर्णीय मुलांच्या बाजूने १९७९ साली संघीय न्यायालयाने निकाल दिला : शिक्षकांनी मुलांची घरची इंग्रजी ओळखून घ्यावी आणि तिचा विचार करून प्रमाण इंग्रजीचे वाचन शिकवावे. न्यायालयाने प्रमाण इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी काढून घेतली नाही. ती नीट पार पाडायला सांगितले.

भारतात २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरची भाषा किंवा मातृभाषा यांतून शिकवावे असे म्हणते. वाचायला हे छान आहे. पवनीत मात्र प्रवेशाच्या अर्जावर मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिले जाते, शाळेचे माध्यमही मराठी असते, आणि धोरणाचे पालन तिथल्या तिथे पूर्ण होते. दोन्ही 'मराठी'मधले अंतर कागदाला दिसत नाही.

ते अंतर शिक्षकाला दिसावे लागते. दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षिकेने पहिल्या महिन्यात मुलांकडूनच शंभर शब्द उतरवून घेतले आणि वर्गाच्या भिंतीवर दोन रकान्यांत लावले, घरचा शब्द एकीकडे आणि पुस्तकातला दुसरीकडे, तर खर्च एका तक्त्याचा येतो. धान-भात, रोवणी-लावणी, फर-फळ. मुलांना प्रथमच बाईंना काही शिकवण्याची संधी मिळते. पहिली-दुसरीत घरच्या शब्दाला तांबडी शाई लागू नये. तिसरीपासून लेखनात प्रमाण रूप मागावे, आणि बोलताना मूल दोन्हींतले हवे ते निवडो. प्रमाण मराठी कडक शिकवावी, तिच्यात हयगय नको. फक्त ती आईच्या भाषेच्या जागी येता कामा नये. तिच्या शेजारी यावी.

आणि सहल काढायची तर फार दूर जावे लागत नाही. जगन्नाथ टेकडी गावातच आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना तिथे नेऊन विसमितेची ओळ देवनागरीत लिहून दाखवावी आणि एकेक अक्षर वाचू द्यावे. दुसऱ्या कागदावर 'छायाखंभो' लिहावे आणि यातला कोणता शब्द घरी ऐकला आहे, हे विचारावे. उत्तरासाठी फार वेळ थांबावे लागणार नाही.